प्रत्येक फटकाऱ्यासाठी मेंदू लागत नाही

‘मासा पोहताना शेपटीच्या प्रत्येक फटकाऱ्याचा हुकूम मेंदू देतो’ असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. लॅम्प्री या जबडा नसलेल्या माशासारख्या प्राण्याचा मज्जारज्जू शरीराबाहेर काढून योग्य रसायनांत ठेवला, तरी त्यातून पोहण्याच्या लयीचे संदेश निघत राहतात. मेंदू नाही, स्नायूही नाहीत! स्वीडनमध्ये स्टेन ग्रिलनर या मेंदूशास्त्रज्ञांनी यावर अनेक वर्षं काम केलं.

मज्जारज्जूतल्या डावीकडच्या चेतापेशी पेटल्या की मधली रेषा ओलांडणाऱ्या पेशी ग्लायसिन हे रसायन सोडून उजवी बाजू गप्प करतात, मग उलट. शिवाय मज्जारज्जूचा प्रत्येक खंड डोक्याकडच्या शेजारच्या खंडापेक्षा एका आवर्तनाच्या (डावी-उजवी मिळून एका फेरीच्या) साधारण १ टक्का उशिरा चालतो. खंड सुमारे १००, म्हणजे अंगभर एक पूर्ण लाट. वेग बदलला तरी हे प्रमाण जवळपास तेच राहतं, आणि मला हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांत तर वेग वाढला की नव्या चेतापेशी कामाला लागतात आणि संथ पोहण्यातल्या काही चक्क थांबतात. गाडीचा गिअर बदलावा तसं. मेंदूचं काम सुरू कर, थांब, वळ, वेग वाढव एवढंच सांगण्याचं.