घोडी मुलीला झेपत नाहीये, विकावी का? (खारघर-पनवेल)

नमस्कार मंडळी, आम्ही खारघरला राहतो, घोडी नेऱ्याकडे एका फार्मवर ठेवलीय. थरोब्रेड जातीची आहे, रेसमधून रिटायर झालेली, नऊ वर्षांची, पासपोर्ट मायक्रोचिप सगळं व्यवस्थित. मुलगी चौदाची, रायडिंग क्लासला बरेच दिवस जातेय म्हणून गेल्या दिवाळीनंतर घेतली.

घोडी वाईट नाहीये हे आधीच सांगतो. चावत नाही, लाथ मारत नाही, नालबंद पाय धरून बसला की उभ्या उभ्या डुलक्या काढते. प्रॉब्लेम वर बसल्यावर. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की त्यावर रेलून अजून जोरात पळायचं एवढंच ठाऊक असतं, आणि आमची लेक घाबरली की नेमकी लगाम ओढते वर टाचाही आवळते, मग घोडीला वाटतं पळ म्हणतायत आणि पोरीला वाटतं ही थांबतच नाही. ट्रॉटपर्यंत (दुडकी चाल) ठीक चालतं, कँटर (त्याहून वेगाची उड्यांची चाल) आला की दोघींचं बिनसलंच. मे मध्ये लेक पडली, मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर. पुढे पावसाळा, मैदानात चिखल, घोडी आठवडेच्या आठवडे थानावर बांधलेली, त्यामुळे बाहेर काढली की आणखीनच उधळायला लागली. हल्ली लेक तासभर खरारा करते, आयाळ विंचरते, गूळ भरवते आणि खोगीर आणलं की "बाबा आज पोटात दुखतंय".

डॉक्टर झाले, दात घासून घेतले, पाठ तपासली, खोगीर बदललं, ओट्स बंद केले. थोडा फरक पडला, पण मूळ स्वभाव कुठे जाणार.

रायडिंगचे सर म्हणतात मी रोज बसतो, सहा महिने द्या. बायकोचं म्हणणं पुढच्या वर्षी दहावी आहे, आत्ताच विका. आणि विकायचा विषय काढला की लेक जेवत नाही, त्याचं काय करायचं? एक वरातवाला विचारून गेला, माणूस चांगला वाटला, पण डीजे, फटाके आणि ही घोडी... नको वाटतं. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्यावी का? कोणी असा निर्णय घेतलाय का?

टापटीप (पुणे): सारंगखेड्याला नेऊ नका. दत्तजयंतीच्या त्या बाजारात गिऱ्हाईक मुख्यतः मारवाडी-काठेवाडी जातीच्या घोड्यांचं. देवमण कुठे, भोवरा कुठे (अंगावरचे केसांचे शुभ-अशुभ भोवरे), कान कसे, हे बघणारी माणसं. थरोब्रेडला भाव पडेल आणि कोणाच्या हाती जाईल ते कळणारही नाही. जंपिंग करणाऱ्या मोठ्या मुलांत विचारा, अशांना हीच घोडी आवडते. ग्लँडर्सची रक्ततपासणी आधीच करून ठेवा, तो आजार माणसालाही होतो, शहाणा घेणारा रिपोर्ट मागणारच. बाकी सर रोज बसले तर घोडी सरांची होईल, लेकीची नाही.

खोगीरभरती (ठाणे): टापटीप यांना +१. पण लगेच विकू नका हो. आधी लेकीला एखाद्या शांत म्हाताऱ्या घोड्यावर बसवा. तिथेही पोटात दुखलं तर भीती घोडीची नाही, पडण्याची आहे, मग घोडी विकून काही होणार नाही. आणि तिथे मजेत बसली तर ही द्या. तोवर घोडीचा अर्धा खर्च उचलून तिच्यावर बसेल अशी एखादी अनुभवी रायडर बघा, घोडीलाही काम मिळेल. विकताना 'पुढे विकायची झाल्यास आधी आम्हाला विचारायचं' असं लिहून घ्या.

टापटीप (पुणे): लिहून घेतलेलं कोणी पाळत नाही, माणूस बघून द्या.

धागाकर्ता: दोघांचे आभार. वरातवाल्याला नाही कळवलं. फार्मवर एक म्हातारा काठेवाडी आहे, शनिवारी लेकीला त्याच्यावर बसवतो, तिला नेमकं कारण सांगणार नाहीये. पनवेल-नवी मुंबईत नीट कँटर येणारी, हात हलका असलेली कोणी रायडर अर्ध्या खर्चावर तयार असेल तर व्यनि करा. रविवारी सकाळी येऊन बसून बघा, हेल्मेट आपलं आणा.