सहकुटुंब काही काम करायचं आहे (पुणे, सिंहगड रोड) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही घरात पाच जण. मी, नवरा, मुलगी नववीत, मुलगा दुसरीत आणि सासूबाई, वय ७२. हिंगण्याला राहतो. नवऱ्याची कंपनी चाकणला, आठवड्याचे सहा दिवस तिकडेच जातात, म्हणजे हाताशी फक्त रविवार. त्यातला सकाळचा वेळ दर आठवड्याला काढू शकतो. आरंभशूरपणा नाही, घरात बसून नीट ठरवलंय.

हे डोक्यात का आलं तेही सांगते. मागच्या वर्षी मुलाचा वाढदिवस एका बालगृहात केला. केक, समोसे, वह्यांचे गठ्ठे, सगळं घेऊन गेलो. तिथल्या मुलांना रांगेत बसवलं होतं. माझ्या मुलाने केक कापला, त्यांनी टाळ्या वाजवल्या, एक प्रार्थना म्हणून दाखवली, फोटो काढले आणि पाऊण तासात आम्ही बाहेर. येताना गाडीत लेक गप्प. स्वारगेटच्या सिग्नलला म्हणाली, "आई, त्यातला एक मुलगा माझ्याएवढा होता. त्याला टाळ्या वाजवायची लाज वाटत होती. आपण नक्की कशाला गेलो होतो?" मला उत्तर देता आलं नाही. वह्या तरी त्यांच्या उपयोगाच्या होत्या का, कोण जाणे.

तर असं काम हवंय ज्यात आम्ही पाहुणे नसू. पैसे द्यायचे तिथे यथाशक्ती देतो, तो प्रश्न नाही. धाकट्यालाही खरंखुरं काहीतरी करता यावं, नुसतं 'बघ हं बाळ, आई कसं करते' असं नको. सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना उतरणं म्हणजे मोहीम. त्यांनी आधीच बजावलंय, "मला कुठे नेऊ नका, काम घरी आणा." दृष्टी आणि आवाज दोन्ही खणखणीत आहेत, रोज तासभर ज्ञानेश्वरी मोठ्याने वाचतात, खालच्या मजल्यावर ऐकू जाते.

सुचवा काही. आगाऊ आभार.

---

खवट_पेठकर

उत्तम विचार. आधी एक सांगा, घरचा ओला-सुका वेगळा करता का? नसाल तर समाजसेवेची सुरुवात ओट्याखालच्या डब्यापासून करा.

---

धागाकर्ती

करतो हो! दोन डबे आहेत.

---

खवट_पेठकर

दोनच? मग तिसऱ्याचं काय? डायपर, सॅनिटरी पॅड हे सुक्यात टाकत असाल तर ते कुणीतरी हाताने वेगळं करतंय. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, बहुतेक भागात दारावर त्यांच्याच ताई येतात. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, त्यातून पुढे ही संस्था निघाली. त्यांची मागणी साधी आहे. असला कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वरून लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावा लागत नाही.

तुमच्या इमारतीत किती घरं हा ठिपका काढतात ते विचारून बघा. दुसरीतल्या पोराला लाल खडू द्या, रविवारी कागदांवर ठिपके काढून घरोघर वाटू दे. लहान मूल दारात आलं की लोक नाही म्हणत नाहीत. आम्ही मोठे सांगायला गेलो की लोक मेंटेनन्सचा हिशोब विचारतात.

---

जुनी_काळजीवाहक

ताई, तुमच्या लेकीचं कौतुक वाटलं. मी एका बालगृहात सहा वर्षं काम केलंय (आता नाही), त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडं लिहिते.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे एका रविवारी तीन-तीन वाढदिवस असायचे. मुलांच्या पोटात तीन केक जायचे आणि संध्याकाळी कुणी जेवायचं नाही. तेही एकवेळ ठीक. पण दर आठवड्याला नवा काका, नवी मावशी येते, जवळ घेते, "परत येईन हं" म्हणते आणि येत नाही. आमच्याकडची एक चिमुरडी दर सोमवारी विचारायची, "कालची मावशी कधी येणार?" मोठी मुलं विचारायची बंद होतात. बंद झाली की समजायचं, त्यांना कळलंय.

फोटोंबद्दल एक. संस्थेत राहणाऱ्या मुलाची ओळख उघड होईल असं काही छापायला वा प्रसारित करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे. तरीही वाढदिवसाचे फोटो समूहांवर सर्रास फिरतात. तुमच्याकडे असतील तर काढून टाका, रागावू नका.

पुन्हा बालगृहाकडे जायचंच असेल तर आधी संस्थेला विचारा, "वर्षभर, ठरलेल्या वारी, एकच माणूस आला तर त्याच्यासाठी काय काम आहे?" चांगली संस्था तुमची ओळखपत्रं मागेल, चौकशी करेल, लगेच मुलांत सोडणार नाही. त्याचा राग मानायचा नाही. आणि काम बहुधा मुलांशी खेळण्याचं नसेलच. आमच्याकडे सगळ्यात उपयोगी स्वयंसेवक कोण होते सांगू? एक निवृत्त गृहस्थ. दर शनिवारी येऊन सायकली, पंखे, नळ दुरुस्त करायचे. मुलं आपसूक त्यांच्याभोवती जमायची, पाना धरायची. आठ वर्षं आले. मी सोडल्यावरही येत होते.

---

टेकडीवाला

हिंगण्यात राहता म्हणजे तळजाई तुमच्या उशाला आहे. आमचा पाच-सात जणांचा गट आहे, संस्था-बिंस्था नाही, टेकडीवरच्या झाडांना पाणी घालतो. वनखात्याची जागा असल्यामुळे मनाने खड्डे खणायचे नाहीत, तिथल्या वनरक्षकाला विचारूनच सगळं.

झाडं लावायला जुलैत जत्रा भरते, बॅनर लागतात. एप्रिलमध्ये त्याच रोपांना पाणी घालायला चिटपाखरू नसतं. पुण्याच्या टेकड्यांवर मागे गिरिपुष्प भरमसाट लावलं गेलं, ते पाण्यावाचून तगतं. इथली वड, कडुनिंब, पळस, बहावा ही मंडळी मात्र पहिले दोन-तीन उन्हाळे हात मागतात. म्हणून माझं सांगणं, आत्ता पावसात येऊ नका. आलात तर फक्त झाडं बघायला या. खरं काम दिवाळीनंतर आळी करणं, पालापाचोळ्याचं आच्छादन घालणं, आणि फेब्रुवारीपासून पाणी. आम्ही पाच लिटरचे कॅन नेतो. तुमच्या धाकट्याने एक लिटरची बाटली आणली तरी एका रोपाचं भागतं. त्याला एक झाड नेमून द्या, मग तोच तुम्हाला रविवारी सहाला उठवेल. माझ्या पुतण्याने असंच उठवून आमचा जीव खाल्लाय.

---

भटकी_मंजुळा

त्यापेक्षा गडांवर या की! संवर्धनाच्या मोहिमा असतात. तटातली झाडं काढणं, टाक्यातला गाळ उपसणं. मजा येते, मुलांना इतिहासही कळतो.

---

टेकडीवाला

मंजुळाताई, परवानगी असलेली मोहीम असेल तर जरूर. पण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूवर आपल्या मनाने गाळ उपसला तर त्यातलं काय काय गेलं ते कधीच कळत नाही. आणि दुसरीतला मुलगा टाक्यात? नको.

---

श्रवणभक्त

नमस्कार ताई. मी जन्मतः अंध आहे, एका बँकेत नोकरीला आहे, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. तुमच्या घरात दोन माणसं अशी आहेत जी आमच्या मुलांना हवीच असतात.

पहिली तुमची लेक. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला अंध विद्यार्थ्याला लेखनिक घेता येतो आणि तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणजे नववीचा किंवा त्याखालचा. तुमची लेक येत्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत नववीत आहे. पुढच्या वर्षी ती स्वतः दहावीत जाईल, मग इतर परीक्षा आल्या तरी दहावीसाठी ती चालणार नाही. दरवर्षी ही शोधाशोध असते. नववीतल्या मुलांच्या पालकांना वाटतं, अभ्यास बुडेल.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. तितका वेळ बसून दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. माझ्या दहावीला जो मुलगा आला होता तो फार हुशार. मी इतिहासात एक सनावळी चुकवली, त्याने ती गुपचूप दुरुस्त केली आणि बाहेर आल्यावर मोठ्या प्रेमाने मला सांगितलं. मला त्याचा अजून राग आहे. ती चूक माझी होती, मार्क माझे जायला हवे होते. तेव्हा लेकीला सांगा, चांगला लेखनिक म्हणजे हात. डोकं आमचं.

उलट भूमितीच्या आकृत्यांत, रसायनाच्या समीकरणांत सराव नसलेला लेखनिक अर्धा वेळ खातो. म्हणून परीक्षेच्या आधी चार-पाच रविवार दोघांनी जुने पेपर सोडवायचे असतात. अर्ज विद्यार्थ्याच्या शाळेमार्फत मंडळाकडे जातो, त्यामुळे शाळेशी दिवाळीच्या आतच बोलून ठेवा. पुण्यात अंध मुलांची शाळा कोरेगाव पार्कला आहे, मुलींची कोथरूडला. ती तुम्हाला जवळ पडेल.

दुसरी व्यक्ती, तुमच्या सासूबाई. कॉलेजात गेल्यावर ब्रेलमधली पुस्तकं फारशी मिळत नाहीत. स्क्रीन रीडर आता मराठी वाचतो, पण स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकातली जोडाक्षरं ओळखताना त्याची फे फे उडते. अर्थशास्त्र, मराठी वाङ्मयाचा इतिहास, असल्या पुस्तकांचं वाचन कुणी घरी बसून फोनवर रेकॉर्ड करून दिलं तर सोन्याहून पिवळं. ज्ञानेश्वरी मोठ्याने वाचणारी व्यक्ती अडखळत नाही, हा माझा अनुभव. फक्त काही पथ्यं: पान क्रमांक बोलायचा, तक्ता आला तर ओळीने वाचायचा, आकृती असेल तर थांबून शब्दांत सांगायची. भाव ओतून वाचायचं नाही, अभ्यास करताना फार त्रास होतो. आणि कुकर लावून रेकॉर्ड करू नये. माझ्या बी.ए.च्या राज्यशास्त्रात तिसऱ्या प्रकरणात चार शिट्ट्या आहेत, आजही संसदीय लोकशाही म्हटलं की मला भूक लागते.

---

धागाकर्ती

श्रवणभक्त, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न: "भाव ओतायचा नाही म्हणजे कसं वाचायचं?" दुसरा प्रश्न: "पुस्तक कधी आणतेस?" मुलीला विचारलं तर आधी म्हणाली, माझं अक्षर वाईट आहे. मग तासाभराने येऊन विचारतेय की विद्यार्थ्याने चुकीचं उत्तर सांगितलं आणि आपल्याला बरोबर येत असलं तर नुसतं गप्प बसायचं का. मी म्हटलं, हो. म्हणाली, "हे अवघड आहे." पण नाही म्हणाली नाही.

जुनी_काळजीवाहक, फोटो काढून टाकले. आमच्या नातेवाइकांच्या समूहावरचेही काढायला लावले. एका आत्याबाईंना राग आला.

---

निशाचर_२

नवऱ्याला राहून द्यायचं का मग? रॉबिन हूड आर्मीवाले हॉटेल-कार्यालयांतलं उरलेलं चांगलं अन्न वाटतात, पुण्यातही आहेत, पैसे घेत नाहीत. पण वेळ बहुधा रात्रीची, लहान मुलांना घेऊन जमेलसं वाटत नाही. त्यांना एकट्याला चालेल.

---

खवट_पेठकर

नवऱ्याने रक्त द्यावं. दर तीन महिन्यांनी, वजन ४५ किलोच्या वर असेल तर. बायकांना चार महिन्यांनी. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, तेव्हा द्यावं. बिस्किटांच्या आशेने धाकटाही जाईल.

---

माती_माझी

गणपती जवळ आलेत म्हणून एक ताबडतोबीचं काम सुचवते. आमच्या सोसायटीत आम्ही शाडूची माती गोळा करतो. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाने हा उपक्रम काही वर्षं चालू आहे: घरी बादलीत विसर्जन केलेल्या शाडूच्या मूर्तीची माती परत मूर्तिकारांकडे जाते आणि पुढच्या वर्षी तिचाच गणपती होतो. शाडू खाणीतून येतो, नदीत टाकला तर खाली थर होऊन बसतो. मग परत का वापरू नये?

काम असं: आधी घरोघर जाऊन मूर्ती शाडूची की प्लास्टरची ते विचारायचं. प्लास्टरची असेल तर ती वेगळी. ती पाण्यात विरघळत नाही, तिच्यासाठी महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते. एक प्लास्टरची मूर्ती शाडूत मिसळली तर अख्खी गोणी वाया. विसर्जनाआधी हार, दोरे, दागिने उतरवायचे, हे काम सात वर्षांची मुलं आपल्यापेक्षा नीट करतात. तुमच्या इमारतीत किती घरं आहेत?

---

धागाकर्ती

४२ घरं. गणपती बसतात साधारण तीसेक घरी.

सध्या ठरलंय ते असं. सासूबाईंना पुस्तक, लेकीसाठी कोथरूडच्या शाळेत या शनिवारी जाऊन विचारणार. दिवाळीनंतर तळजाई (टेकडीवाले दादा, व्यनि म्हणजे खाजगी निरोप करते). आणि गणपतीत माती. धाकट्याने कालच वहीत मजल्यांप्रमाणे यादी केलीय, पहिल्या मजल्यावर पाच घरं आहेत आणि त्याने सहा लिहिलीत. सहावं लिफ्टचं.

एक शंका राहिली. माती गोळा करताना ओली चालते की वाळवून? आणि गोणी कसली? आमच्याकडे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडल्यात.

---

माती_माझी

वाळवूनच घ्या. गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना, मग घमेल्यात उन्हात तीन-चार दिवस. पहिल्या वर्षी आम्ही ओली घेतली, गोणी चौघांना उचलेना आणि जिन्यात फुटली. सिमेंटच्या गोण्या नकोत, सिमेंट मिसळतं. किराणावाल्याकडे तांदळाच्या मागा. अर्धीच भरा.