मदत हवी आहे: करारात पाळी आणि ओटीचं (ओव्हरटाइमचं) कलम कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. भांडुपला आमचा छोटा कारखाना, कायम कामगार नव्वदच्या आसपास. जुना करार संपला, मागणीपत्र दिलंय, बोलणी चालू आहेत. युनियनच्या कमिटीवर मी पहिल्यांदाच निवडून आलो आणि मराठी टायपिंग येतं म्हणून मसुदा माझ्या गळ्यात पडला. पगारवाढीवर सगळे तावातावाने बोलतात, तासांच्या कलमाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

जुन्या करारात एवढंच आहे: "कामाचे तास आठ. जादा कामाचा मोबदला कायद्यानुसार." वाचायला बरं वाटतं. पण गेल्या जुलैत कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि माझा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीत माझी जागा घेणारा, तासभर उशिरा पोचला. साडेतीनला सुटणारा मी साडेचारपर्यंत मशीनवर. डबा कधीच संपलेला, कँटीनला कुलूप. पगारपत्रकात तो तास एकपट! टाइम ऑफिसवाला म्हणतो, "दिवसाचे नऊ तास ओलांडलेत का? नाही. आठवड्याचे 48 भरले का? मंगळवारी तुमची रजा होती. मग डबल कसला?" 1948 चा कारखाने कायदा काढून बघितला, तर त्याचंच खरं निघालं.

आता मॅनेजमेंटला नवीन वाक्य हवंय: "उत्पादनाच्या गरजेनुसार पाळ्यांच्या वेळा व साप्ताहिक सुट्टी बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील." सेकंड शिफ्ट आत्ता बाराला सुटते, ती साडेबाराला न्यायचीय. आमची बरीच पोरं टिटवाळा-आसनगावची. शेवटची लोकल चुकली की रात्र फलाटावर. आणि रविवारही फिरता करणार म्हणे. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 मध्ये गिरणी कामगारांना मिळवून दिलेला रविवार आम्ही सही करून परत द्यायचा का?

कुणी असं कलम लिहिलंय का? नेमके शब्द हवेत.

उत्तर (निवृत्त फिटर, ठाणे):
भाऊ, ते वाक्य अजिबात घेऊ नका. पाळ्या किंवा तास बदलायचे तर मालकाला 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण बदल करारानुसारच होत असेल तर नोटीस लागत नाही. म्हणजे तुमच्याच सहीने तुमची नोटीस जाते. त्याऐवजी पाळ्यांच्या वेळा आकड्यांत लिहा आणि पुढे "युनियनच्या लेखी संमतीशिवाय बदल होणार नाही" असं जोडा.

ओटीला "कायद्यानुसार" नको. श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात, त्यात दिवसाचे तास आठ धरलेत, पण त्यावर विसंबू नका. करारातून कायद्यापेक्षा जास्त मिळवता येतं. "पाळीचे आठ तास संपल्यावर केलेल्या प्रत्येक कामाला दुप्पट दर, त्या आठवड्यात भरपगारी रजा घेतली असली तरी." दुप्पट कशाची, तेही लिहा. आमच्याकडे भत्ते धरायचे की नाही यावर दोन वर्षं भांडण चाललं होतं. रिलीव्हर आला नाही तर जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं आणि चहा-नाश्ता कुणाचा, हेही घाला. हसू नका, आमच्यात बाचाबाची व्हायची ती त्यावरूनच.

धागाकर्ता:
काका, आभार. सोमवारी बैठक आहे, "लेखी संमती" टाकून बघतो. रजेचं वाक्य मान्य होईलसं वाटतंय. रविवारवर मात्र ते अडून बसलेत. अगदीच सोडावा लागला तर बदल्यात काय मागू?