मदत हवी आहे: बत्तिसाव्या आठवड्यात पोट कडक होतंय, या खोट्या कळा असतील का?

पहिलंच बाळंतपण आहे, ३२वा आठवडा चालू आहे, नाशिकला माहेरी आलेय. काल ओटीभरण झालं, दिवसभर बसून होते आणि पाहुण्यांच्या गडबडीत पाणी जेमतेम दोन ग्लास पोटात गेलं. संध्याकाळपासून पोट मधूनच दगडासारखं कडक होतं, अर्ध्या-एक मिनिटात सुटतं. दुखत नाही, नुसतं आवळल्यासारखं वाटतं. आज पुन्हा तेच. आई म्हणते बाळ फिरतंय. मावशीने "सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही" ऐकवून माझी झोप घालवली! डॉक्टरांची तारीख सोमवारी आहे. तोवर थांबू का?

– – –

मावशींचं आधी बाजूला ठेव. बाळ पोटात जितके जास्त दिवस राहील तितकं ते तयार होतं. आठव्याचं सातव्यापेक्षा सुदृढच असतं.

वर्णनावरून ब्रॅक्स्टन हिक्स, म्हणजे खोट्या कळाच वाटताहेत (त्याच नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये याबद्दल लिहिलं, माझी आजी नुसतं "पोट धरतंय" म्हणायची). पाणी कमी पडलं, लघवी तुंबली, फार दगदग झाली की हे वाढतं. आत्ता लघवीला जाऊन ये, दोन ग्लास पाणी पी, डाव्या कुशीवर पड आणि तासभर घड्याळ लाव. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतची वेळ लिहायची. खोट्या कळा अशाने विरतात, त्यांना ताल नसतो. खऱ्या कळा कूस बदलली तरी येतच राहतात, जवळजवळ येतात आणि जोर धरतात. बऱ्याचदा कमरेतून सुरू होऊन पुढे येतात.

पण तुझे ३७ आठवडे भरलेले नाहीत. तासाभरात चार किंवा जास्त आल्या तर दुखो न दुखो, लगेच दवाखाना. अंगावरून पाणी जाणं, रक्त दिसणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही झालं तर मोजत बसूच नकोस. गाडी नसेल तर १०८ लाव. आणि काहीच झालं नाही तरी आज डॉक्टरांना फोन कर, सोमवार कशाला?

– – –

ताई, मोजल्या. तासात दोन आल्या, नंतर थांबल्या. बाळ लाथा मारतंय. फोनही केला. लघवीतल्या जंतुसंसर्गानेही असं होतं म्हणाल्या, उद्या सकाळी तपासायला बोलावलंय. लघवी द्यायला उपाशी जावं लागतं का?

– – –

नाही गं, पोटभर खाऊन जा.