वैजयंतीमालांच्या भरतनाट्यमचं चित्रण कुठे बघायला मिळेल?

मंडळी, मदत हवी आहे. आईचं वय ७८. लहानपणी भरतनाट्यम शिकली, पुढे संसारात ते मागे पडलं. आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं होत नाही आणि तिला एकच ध्यास लागलाय: वैजयंतीमालांचं नृत्य बघायचं.

सिनेमे सगळे पाहून झाले. ‘नागिन’, ‘मधुमती’, ‘आम्रपाली’ तर पाठच आहेत. ‘न्यू दिल्ली’तलं (१९५६) भरतनाट्यम आम्ही तीनदा मागे नेऊन पाहिलं, आईला त्यातली अडवांची (हातापायांच्या मूळ हालचालींची) ठेवण फार आवडते. पण पडद्यावर कॅमेरा मध्येच चेहऱ्यावर जातो, पाय दिसतच नाहीत, आणि तिला पाय बघायचे असतात! म्हणून रंगमंचावरचं हवंय. सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत सलग मार्गम, म्हणजे कार्यक्रमाचा अख्खा क्रम, असेल तर सोन्याहून पिवळं. निदान एखादं पूर्ण वर्णम (त्या क्रमातली सगळ्यात मोठी रचना) तरी.

१९४९ मध्ये तमिळ ‘वाळ्कै’मधून पदार्पण आणि २०२४ मध्ये नव्वदीत अयोध्येत नृत्यसेवा! लग्नानंतर सिनेमा सुटला, नाच नाही. १९८२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला तोही नृत्यासाठीच. माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द हीच, पण तिच्याबद्दल बोलतं कोण?

दूरदर्शनचं जुनं चित्रण, चेन्नईतल्या एखाद्या सभेची (नृत्य-संगीताचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेची) ध्वनिचित्रफीत, काहीही चालेल. पैसे भरून मिळत असेल तर तेही सांगा. आणि हो, आई तमिळ वाचू शकत नाही, त्यामुळे पदांचा मराठी किंवा हिंदी अर्थ कुणाकडे असेल तर तोही हवाय.