परग्रहवासीयांचा मानपान: पायऱ्यांची शिडी हवी की राखणीचे देणे?

कळंब्याचा सूत्रधार (धागाकर्ता)

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दर रविवारी दुपारी आम्ही सहा-सात जण अंतराळातल्या भूमिका-खेळाचा (प्रत्येकाने एक पात्र घेऊन कथा पुढे न्यायची) डाव मांडतो, आणि गेली दोन वर्षे जग रचून कथा चालवणाऱ्या सूत्रधाराचे काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात मी पात्रांना एका नव्या ग्रहावर उतरवले. तिथल्या समाजासाठी मी सात श्रेणी आखल्या होत्या, प्रत्येक श्रेणीचा रंग, संबोधन आणि कितपत वाकायचे हे ठरवले होते, आणि तो तक्ता छापून सर्वांच्या हाती दिला होता. झाले असे की खेळाडूंनी समोरच्याचा रंग पाहिला, तक्त्यावर बोट ठेवले, ‘हा चौथा, म्हणजे अर्धे वाकायचे’ असे म्हटले आणि विषय संपला. माझी तीन आठवड्यांची मेहनत एसटीच्या वेळापत्रकासारखी वापरली गेली.

नंतर विचार करताना जाणवले की चूक श्रेणींच्या संख्येत नव्हती, शिडीच्या कल्पनेतच होती. आपल्याकडे मान शिडीवर बसलेला नसतो. जो गृहस्थ स्वतःच्या घरी जावयापुढे हात जोडून उभा राहतो, तोच सासुरवाडीला गेला की पाटावर बसून आग्रह करवून घेतो आणि अधिक महिन्यात अनारशांचे वाण हक्काने घरी आणतो. या माणसाची ‘श्रेणी’ किती, या प्रश्नाला अर्थ नाही. तो कोणासमोर उभा आहे, एवढेच विचारता येते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांमधील टोचण्याचा क्रम मांडला, तेव्हा त्यांनाही सरळ रांगेबरोबर त्रिकोण आढळले होते: पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलटून पहिलीला.

म्हणून आता मी दोन समाज नव्याने रचत आहे. पहिला समाज ‘चिरुण’ लोकांचा. खेकडा कवच टाकल्यावर काही काळ मऊ असतो आणि दडून राहतो, त्यावरून ही कल्पना सुचली. चिरुण वर्षातून एकदा कवच टाकतो आणि नऊ दिवस पूर्ण असहाय असतो. त्या नऊ दिवसांत ज्याने त्याची राखण केली, त्याच्यासाठी त्याने पुढे आयुष्यभर वाट सोडायची. सार्वजनिक श्रेणी अशी कोणतीही नाही, फक्त कोणी कोणाला राखले याची आठवण आहे. दुसरा समाज ‘हुमक’ लोकांचा, तरसांवरून घेतलेला. ठिपकेदार तरसांमध्ये माद्या वरचढ असतात आणि पिल्लाला आईच्या खालोखालचे स्थान मिळते. हुमकांमध्येही स्थान जन्मानेच ठरेल आणि ते त्यांच्या शरीरातच असेल. श्रेणीचा आकडा खेळातून हद्दपार करावा, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

सहाबाजू

मत पटले नाही, आणि त्याचे कारण तात्त्विक नसून हिशेबाचे आहे. सहा खेळाडू आणि दहा महत्त्वाचे चिरुण धरले तर सोळा जणांत १२० जोड्या होतात. त्यातली प्रत्येक जोडी कोणाच्या बाजूला झुकते, हे रविवारी दुपारी जेवण करून आलेल्या माणसाने लक्षात ठेवावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. मग सूत्रधार स्वतःच सांगत सुटतो की ‘इथे तुम्ही वाट सोडायला हवी होती’, आणि खेळाडू माना डोलावतात. हे कीर्तन झाले, खेळ नव्हे.

१९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळ-खेळात सामाजिक प्रतिष्ठा हा पात्राच्या सहा मूळ गुणांपैकी एक होता. ताकद आणि बुद्धी यांच्याच ओळीत बसलेला आणि दोन फाशांवर ठरणारा. दोन फाशांवर बारा पडण्याची शक्यता छत्तीसात एक असते, त्यामुळे ज्याला बारा मिळाला त्याला आपण कोण आहोत हे पहिल्याच मिनिटाला कळते. आकडा हा खेळाडूला दिलेला शब्द असतो: तुझ्याजवळ एवढे आहे, ते तू खर्च करू शकतोस, पणाला लावू शकतोस, गमावू शकतोस. जे कागदावर दिसत नाही त्यासाठी कोणी जोखीम घेत नाही. आपला सात श्रेणींचा तक्ता फसला तो शिडीमुळे नव्हे. त्या शिडीवर चढता किंवा घसरता येत नव्हते, म्हणून फसला.

दसरा चौक

सूत्रधारांच्या लेखनातील एका वाक्याशी मी अडखळलो. ‘आपल्याकडे मान शिडीवर बसलेला नसतो’ हे वाक्य फक्त सोयऱ्याधायऱ्यांच्या पंगतीत बसलेल्या माणसालाच सुचू शकते. ज्याला पाणवठ्यावर हात लावू दिला गेला नाही, त्याला ती शिडी फार स्पष्ट दिसत होती, आणि ती सासुरवाडीला गेल्यावरही बदलत नव्हती. उलट डॉ. आंबेडकरांनी श्रेणीबद्ध असमानतेची जी मांडणी केली, तिच्यात शिडीचे खरे बळ सांगितले आहे: सगळ्यांत खालची पायरी सोडली तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते, आणि आपल्या खालचा वर येईल या भीतीने वरच्याविरुद्ध एकजूट होत नाही. सात श्रेणी मुकाट्याने टिकून कशा राहतात, या प्रश्नाचे हे उत्तर आपल्या तक्त्यात कुठेच नव्हते. म्हणून तो वेळापत्रकासारखा वाटला.

पण माझा मुख्य आक्षेप हुमकांवर आहे. ‘स्थान जन्मानेच ठरेल आणि ते त्यांच्या शरीरातच असेल’ असे आपण लिहिता. असे जग रचणे म्हणजे जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांचा युक्तिवाद, निदान त्या ग्रहापुरता, खरा करून देणे. करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांच्या जाहीरनाम्याने मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन सर्वांसमक्ष चहा घेत. या दोन्ही कृतींना अर्थ आहे, कारण पायरी ही माणसांनी घातलेली होती आणि माणसांना ती काढता येत होती. हुमकांच्या ग्रहावर असा जाहीरनामा निघूच शकत नाही. निघाला तर निसर्गनियमाविरुद्ध काढलेला मूर्खपणा ठरेल. आपले खेळाडू तिथे चार रविवार घालवून काय शिकून येतील?

सहाबाजू

खेळाडू शिकायला येत नाहीत, खेळायला येतात. आपल्या मुद्द्याचा आदर आहे, परंतु प्रत्येक परग्रहाला कोल्हापूरचाच आरसा व्हायला लावले तर परग्रहाची गरज काय? ज्यांची शरीरे वेगळी आहेत अशा जीवांचे समाजही वेगळ्या पायावर उभे असू शकतात, ही कल्पना करून पाहण्यातच विज्ञानकथेची गंमत आहे. मी तर म्हणेन, हुमक हीच या धाग्यातली एकमेव निर्दोष रचना आहे: आईचा आकडा उणे एक, झाले.

प्रयोगवही

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तरसांचा दाखला अर्धवट आल्यामुळे लिहिणे भाग पडले.

ठिपकेदार तरसांमध्ये पिल्लू आईच्या खालोखाल येते, इथपर्यंत बरोबर. मात्र ते ‘शरीरात’ असते, हे बरोबर नाही. क्वचित एखाद्या मादीने दुसरीचे पिल्लू वाढवल्याची उदाहरणे संशोधकांनी अभ्यासली आहेत, आणि तशा दत्तक पिल्लाला जन्मदात्रीचे नव्हे, तर वाढवणाऱ्या मादीच्या खालोखालचे स्थान मिळालेले दिसते. यामागची यंत्रणा अगदी साधी आहे. भांडणात आई मध्ये पडते, आईची माणसे (तरसांना माणसे म्हटल्याबद्दल विद्यार्थी मला हसतील) तिच्या बाजूने उभी राहतात, आणि पिल्लू हळूहळू शिकते की कोणासमोर मान खाली घालायची व कोणासमोर नाही. म्हणजे ज्या प्राण्याकडे आपण वंशाचा पुरावा म्हणून पाहतो, तिथेही वरची पायरी रक्ताने येत नाही. मागे कोण उभे राहते यावरून येते.

त्यामुळे दसरा चौक यांच्या आक्षेपाचे उत्तर मुळातच उपलब्ध आहे. हुमक ‘रक्त’ मानतात, असे खुशाल ठेवा. परंतु त्यांच्या वस्तीत एक अदलाबदल झालेले पिल्लू ठेवा, जे आता प्रौढ झाले आहे आणि राज्य करते आहे.

ज्यांना शिडी नको आणि १२० जोड्याही नकोत, त्यांच्यासाठी आणखी एक प्राणी सुचवते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिची राणी शांत असते, दरारा वगैरे काही नाही. राणीला पोळ्यातून उचलले की एक कामकरी माशी एकाएकी अतिशय आक्रमक होते, आणि तीच पुढे राणी बनते. राणी असताना ही वारसदार कोण, हे निरीक्षकाला वागण्यावरून ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ते ठाऊक असावे असे प्रयोगांतून दिसते, कारण बाकीच्या तिला आव्हान देत नाहीत. परक्या समाजात उतरलेल्या पात्रांसाठी याहून चांगले कोडे कोणते? मान आहे, सर्वांना माहीत आहे, आणि पाहुण्यांना तो दिसत नाही.

दसरा चौक

दत्तक पिल्लाची माहिती नवी होती, त्याबद्दल आभार. हुमकांवरचा आक्षेप मी निम्मा मागे घेतो. निम्माच, कारण ते पिल्लू खेळाच्या कडेला पडलेले गुपित असेल आणि खेळाडूंना सापडलेच नाही, तर चारही रविवार रक्ताचा नियम खरा ठरूनच ते घरी जातील. गुपित सापडणे ही शक्यता नसावी. ते पहिल्याच रविवारी समोर यावे आणि ते दडवायचे की उघड करायचे, एवढाच प्रश्न खेळाडूंकडे राहावा.

भडंगप्रेमी

मी याच रविवारच्या मंडळींपैकी एक आहे, आणि एवढा वेळ सर्व जण समाजरचनेवर बोलत आहेत. टेबलाभोवती बसलेल्या माणसाविषयी कोणी बोललेले नाही.

सात श्रेणींच्या त्या ग्रहावर माझे पात्र सातव्या श्रेणीत धरले गेले, आणि नियम असा होता की वरच्याने परवानगी दिल्याखेरीज खालच्याने तोंड उघडायचे नाही. समाज म्हणून तो नियम उत्तम होता. प्रत्यक्षात मी तीन रविवार भडंगाची पुडी संपवण्यापलीकडे काहीही केले नाही. अपमान पात्राचा व्हायला हवा होता, तो माझा झाला. आणि सूत्रधारांना हे आजवर मी सांगितले नव्हते, ते इथे सांगते. म्हणून माझी मागणी आकडा ठेवा किंवा काढा अशी नाही. खालच्या पायरीवर बसणाऱ्याचा बोलण्याचा पाळीहक्क काढून घेऊ नये, एवढीच आहे. त्याच्याकडे वरच्याला नसलेले काहीतरी असावे. मोठ्या घरांत पाणी देणारी बाई सर्व बोलणे ऐकते आणि तिच्यासमोर आवाज कमी करण्याचे कोणाला सुचत नाही. सातव्या श्रेणीला हे ऐकणे दिले असते, तर आमच्या गटात सर्वांत जास्त बातम्या माझ्याकडे असत्या.

दुसरा मार्ग पायरी फिरती ठेवण्याचा आहे. इथिओपियातील ओरोमो लोकांची गदा नावाची पद्धत युनेस्कोने २०१६ साली आपल्या वारसा-यादीत घेतली. तिच्यात पुरुषांचे गट साधारण आठ-आठ वर्षांच्या टप्प्यांनी पुढे सरकतात आणि सत्तेचा टप्पाही ठरावीक काळाने पुढच्या गटाकडे जातो. बायकांना त्या टप्प्यांत जागा नाही, हे मी अर्थातच विसरलेले नाही. पण खेळात घेताना तेवढे दुरुस्त करता येते, आणि गप्प बसण्याची पाळी सर्वांवर सारखी येते.

कळंब्याचा सूत्रधार

भडंगप्रेमी, मला खरोखर कळले नव्हते. मला वाटत होते आपण त्या पात्रात शिरून गप्प आहात, आणि मी मनातल्या मनात कौतुक करत होतो. क्षमस्व.

दसरा चौक यांचे दोन्ही आक्षेप मान्य. जावयाचे उदाहरण मी ज्या पंगतीतून दिले, त्या पंगतीबाहेर कोण होते याचा विचार केला नव्हता. हुमकांची राज्यकर्ती अदलाबदल झालेली असल्याचे पात्रांना उतरताक्षणी कळेल. ही बातमी त्यांना तिची दाई देईल, आणि ती दाई, भडंगप्रेमींची हरकत नसेल तर, त्यांचे नवे पात्र असेल.

सहाबाजू यांचा हिशेब मात्र मी मान्य करत नाही. १२० जोड्या लिहायच्याच नाहीत. ज्यांच्यात राखण झाली आहे तेवढ्याच लिहायच्या, बाकीचे एकमेकांना परके. दहा चिरुणांत मी आठ राखणी ठरवल्या आहेत आणि आठ चिठ्ठ्या केल्या आहेत: ‘याने त्याला राखले’. चिठ्ठी राखणाऱ्याजवळ असते. ती दाखवून एकदा मोठे काम मागता येते, आणि मागितले की देणे फिटले म्हणून ती फाडायची. आयुष्यभर वाट सोडण्याचा नियम त्यापायी मी सोडून दिला; आता चिठ्ठी फाटेपर्यंतच वाट सोडायची. म्हणजे खर्च करणे, पणाला लावणे, गमावणे हे आपल्याला हवे होते ते सर्व त्यात आले, आकडा न येता. शिवाय त्यातल्या तीन चिठ्ठ्या वर्तुळात आहेत, त्यामुळे त्या तिघांना एकत्र दारातून जाताच येत नाही.

सहाबाजू

दारातला प्रसंग मला बघायचा आहे, हे कबूल करतो. चिठ्ठ्याही चालतील, कारण चिठ्ठी हा एकचा आकडा आहे हे आपण मान्य करत नसलात तरी मला दिसते. पण एक भोक राहिले. नऊ दिवस जो मऊ आणि अर्धवट शुद्धीत पडला होता, त्याला आपली राखण कोणी केली हे कसे कळणार? पहिल्याच रविवारी आमच्यातला एक जण खोटी चिठ्ठी करील, आणि तो बहुधा मी असेन. त्या वेळी फासा कोणी टाकायचा?

कळंब्याचा सूत्रधार

फासा नाही. चिठ्ठीच्या मागे साक्षीदाराचे नाव लागेल, आणि तो साक्षीदार स्वतः कोणाचे देणे लागतो, हे आपण आधी शोधून ठेवा.