तीन मॉनिटरवर खेळण्यासाठी जुना संगणक सुधारायचा आहे (मर्यादा ३५,००० रुपये)

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार. २०१९ मध्ये सुटे भाग जोडून घेतलेला माझा संगणक आजही उत्तम चालतो. त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर २४ इंची फुल एचडी आहे आणि यूपीएस ६०० व्हीएचा. मी मनापासून दोनच खेळ खेळतो, युरो ट्रक सिम्युलेटर २ आणि असेटो कोर्सा, आणि दोन्ही स्टिअरिंग लावून. ट्रक चौकात आणला की डावी-उजवीकडचे वाहन पाहण्यासाठी प्रत्येक वेळी बटण दाबून नजर वळवावी लागते, आणि शर्यतीत अगदी शेजारी आलेली गाडी दिसतच नाही. म्हणून तीन मॉनिटर लावायचे ठरवले आहे.

एका दुकानात असे सुचवण्यात आले की जुने आणखी एक जीटीएक्स १०६० घेऊन ते पहिल्या कार्डाला जोडावे, म्हणजे ताकद दुप्पट होईल. हे शक्य आहे का? मदरबोर्डाच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे, त्यावर तिसरा मॉनिटर चालेल का? आणि सर्व मिळून ३५,००० रुपयेच खर्च करता येणार असतील, तर पैसे आधी मॉनिटरवर घालावेत की कार्डावर? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अजिंक्यतारा, सातारा

नमस्कार. मी स्वतः तीन मॉनिटरवर ट्रक चालवतो, त्यामुळे आपली अडचण नेमकी समजली. आधी आपल्या दोन शंकांची उत्तरे देतो.

दुसरे कार्ड घेऊ नका. दोन कार्डे मिळून एकच चित्र काढण्याची, आपले कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाची पद्धत, म्हणजे एसएलआय, जीटीएक्स १०६० मध्ये मुळातच दिलेली नाही. त्यासाठी लागणारी जोडणीची पट्टी या कार्डावर नसते. ज्या महागड्या कार्डांवर ती होती, त्यांच्यासाठीही एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी प्रोफाइल (त्या त्या खेळासाठीची जुळणी) देणे बंद केले. तेव्हा दुसऱ्या कार्डाने वीज आणि उष्णता वाढेल, खेळाचा वेग वाढणार नाही. मदरबोर्डावरील एचडीएमआय पोर्टही आपल्या उपयोगाचा नाही, कारण रायझन ५ २६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही आणि त्या प्रोसेसरसोबत तो पोर्ट बंदच राहतो. मात्र त्याची गरजही नाही. जीटीएक्स १०६० एका वेळी चार मॉनिटर चालवू शकते. आपल्या कार्डाच्या मागे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय मिळून किमान तीन पोर्ट आहेत ना, एवढे पाहून घ्या.

खरा प्रश्न कार्डावर किती भार पडेल हा आहे, आणि तो आपल्याला एक रुपयाही खर्च न करता तपासता येतो. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. तीन मॉनिटर मिळून ५७६० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे ६२.२ लाख होतात, आणि ४के चित्रात सुमारे ८३ लाख. म्हणजे आपण जुन्या कार्डाला ४के कामाच्या पाऊण भागाएवढे काम सांगणार आहात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’ उघडून डीएसआर फॅक्टर्समध्ये (मोठे चित्र काढून ते मॉनिटरवर लहान करून दाखवण्याची सोय) ३.००एक्स निवडा. त्यानंतर खेळाच्या सेटिंगमध्ये ३३२५ गुणिले १८७१ असे रिझोल्यूशन दिसू लागेल. याचे पिक्सेल तीन फुल एचडी मॉनिटरच्या पिक्सेलइतकेच भरतात, त्यामुळे आजच्या एकाच मॉनिटरवर आपल्याला तीन मॉनिटरचा भार अनुभवता येईल. ट्रकच्या खेळात चित्र लहान-मोठे काढण्याचे स्वतःचे वेगळे स्केलिंग आहे, ते चाचणीपुरते १०० टक्क्यांवर ठेवा, नाहीतर भार दुहेरी मोजला जाईल. चाचणीसाठी मोकळा महामार्ग घेऊ नका. मोठे शहर, पाऊस आणि रात्रीचे दिवे अशी अवघड जागा निवडा.

या चाचणीची एक मर्यादा सांगायला हवी. तीन मॉनिटरवर डावी-उजवीकडची दृश्येही काढावी लागतात, म्हणजे जास्त इमारती, जास्त वाहने आणि जास्त झाडे, आणि तो भार प्रोसेसरवरही येतो. डीएसआरमध्ये पिक्सेल वाढतात, पण दृश्य तेवढेच राहते. म्हणून चाचणीत जो वेग मिळेल त्यातून थोडा वजा धरूनच निर्णय घ्या.

आता पैसे आधी कशावर घालावेत, तर माझे मत स्पष्टपणे मॉनिटरच्या बाजूचे आहे. मॉनिटर दोन-तीन कार्डांचे आयुष्य पाहतो, आणि कमी सेटिंगवर का होईना, बाजूच्या खिडकीतून चौक दिसू लागला की खेळण्याची पद्धतच बदलते.

मिरज जंक्शन

माझा संगणक दुरुस्तीचा व्यवसाय आहे, म्हणून मी विजेबद्दल आणि जुन्या मॉनिटरबद्दल लिहितो. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे.

६०० व्हीएचा यूपीएस सर्वसाधारणपणे ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. खेळताना आपला संगणक आज दोनशे वॉटच्या आसपास असेल; पुढे मोठे कार्ड लावल्यास तो आकडा वाढेल, आणि २४ इंची प्रत्येक मॉनिटरला साधारण २० ते २५ वॉट लागतात. सगळे एकाच यूपीएसवर टाकले तर वीज गेल्याक्षणी तो भार न पेलता बंद पडण्याची शक्यता राहते, आणि बॅटरी जुनी असेल तर ती जवळजवळ खात्रीच समजा. आपल्या भागात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. नवा यूपीएस घेण्याआधी हा साधा उपाय करा. संगणक आणि मधला मॉनिटर यूपीएसवर ठेवा, आणि बाजूचे दोन मॉनिटर चांगल्या स्पाइक गार्डवर घ्या. वीज गेली तर बाजूचे पडदे बंद होतील, पण खेळ जतन करून संगणक नीट बंद करायला वेळ मिळेल. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र हा संगणक चालवू नये. अनेक नव्या एसएमपीएसना ती वीज मानवत नाही.

मॉनिटर जुने घ्यावेत. पुण्यातल्या कार्यालयांतून बदलीत निघालेले २४ इंची आयपीएस मॉनिटर मिरजेपर्यंत येतात, आणि मी पाहिलेले व्यवहार एका मॉनिटरला चार ते पाच हजारांचे आहेत. तिन्ही एकाच मॉडेलचे घ्या. रंग, उंची, रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते) आणि कडेची जाडी जुळली नाही तर डोळ्यांना सतत खटकते. शिवाय तीन मॉनिटर एकत्र करण्याच्या एनव्हिडियाच्या सोयीत, म्हणजे सराउंडमध्ये, तिन्हींचे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट एकच असावे लागतात. आपला सध्याचा मॉनिटर विकून टाकावा, असेच मी सुचवेन. घेताना पूर्ण पांढरे, पूर्ण काळे आणि पूर्ण लाल चित्र लावून प्रत्येक मॉनिटर तपासा, तिन्ही शेजारी ठेवून पांढरा रंग कोठे पिवळट झाला आहे का ते पाहा, आणि मागे १०० मिलिमीटर अंतराची स्टँडची छिद्रे आहेत याची खात्री करा. फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय असलेला मॉनिटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, कारण आजच्या कार्डांवर ते पोर्ट नसतात. डिस्प्लेपोर्ट असलेलाच मागा. एचडीएमआय एका टोकाला आणि डिस्प्लेपोर्ट दुसऱ्या टोकाला अशी साधी केबल बहुधा एकाच दिशेने चालते, कार्डाच्या डिस्प्लेपोर्टकडून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. उलट जोडल्यास चित्र येत नाही.

कोयनाकाठ, कराड

एक वेगळा पर्याय मांडतो. ३४ इंची रुंद मॉनिटर, ३४४० गुणिले १४४०, म्हणजे सुमारे ४९.५ लाख पिक्सेल. तीन मॉनिटरपेक्षा भार कमी, मध्ये कडा नाहीत, एकच केबल, आणि संगणकावर इतर कामही सोयीचे होते. आपण याचा विचार केला आहे का?

अजिंक्यतारा, सातारा

कोयनाकाठ यांचा मुद्दा बहुतेक खेळांसाठी योग्य आहे, आणि कोणी सर्व प्रकारचे खेळ खेळत असेल तर मीही तेच सांगेन. पण येथे गरज बाजूला पाहण्याची आहे. ३४ इंची मॉनिटर सुमारे ८० सेंटीमीटर रुंद असतो. ६० सेंटीमीटरवरून सपाट धरून पाहिला तर तो डोळ्यांपुढे साधारण ६७ अंश व्यापतो. २४ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ५३ सेंटीमीटर असते आणि त्याच अंतरावर एक मॉनिटर ४८ अंश व्यापतो. बाजूचे दोन त्याच कोनात आत वळवले की तीन मिळून १४० अंशांहून अधिक होतात. ट्रकच्या दोन्ही खिडक्या त्यात येतात. अशा मांडणीला सुमारे सव्वाशे सेंटीमीटर रुंदी लागते, म्हणजे चार फुटांपेक्षा किंचित मोठे टेबल पुरते.

हे कोन खेळालाही सांगावे लागतात, आणि याच ठिकाणी पुष्कळ जण निराश होतात. केवळ रिझोल्यूशन ५७६० केले तर बाजूचे चित्र ताणले जाते आणि गाड्या लांबट दिसतात. असेटो कोर्सामध्ये ट्रिपल स्क्रीन हा पर्याय निवडून मॉनिटरची रुंदी, अंतर आणि कोन भरावा लागतो. ट्रकच्या खेळात config.cfg या फाइलमध्ये r_multimon_mode ची किंमत ३ करावी लागते, म्हणजे खेळ प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळे दृश्य काढतो. मोजपट्टी घेऊन खरे आकडे भरा. ते बरोबर बसले की कडेचा विजेचा खांब एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर सरळ जातो, आणि हे स्वतः पाहण्यासारखे आहे.

विश्रामबागकर, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. डीएसआरची चाचणी केली. असेटो कोर्सामध्ये एकटा धावत असताना खेळ सेकंदाला जवळपास ६० फ्रेमवर (चित्रांवर) राहिला, पण शर्यतीच्या सुरुवातीला सर्व गाड्या समोर असताना ४० पर्यंत उतरला. ट्रकच्या खेळात महामार्गावर काहीच अडचण नव्हती. शहरात पावसात मात्र वेग ३० च्या खाली गेला. सावल्या आणि आरशांची गुणवत्ता मध्यम केल्यावर तो ४० च्या वर आला. टेबल साडेचार फुटांचे आहे.

यावरून मॉनिटर आधी घ्यावेत असे मलाही पटते. तीन मॉनिटरला १५,००० आणि जुन्याची विक्री धरली, तर कार्डासाठी वीस हजारांच्या आसपास उरतील. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ३०६० ही दोन नावे सुचवली गेली आहेत. माझ्या एसएमपीएसवर कोणते चालेल?

मिरज जंक्शन

आपल्या ४५० वॉटवर आरएक्स ६६००. ते कार्ड १३२ वॉटचे आहे, म्हणजे आपल्या सध्याच्या १२० वॉटच्या कार्डापेक्षा फारसे जास्त नाही, आणि वेग जवळजवळ दुप्पट मिळतो. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० हे १७० वॉटचे आहे आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, म्हणजे तो खर्च वेगळा धरावा लागेल. आरएक्स ६६०० पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील जोडणीच्या, आठच लेन (मार्गिका) वापरते आणि आपल्या बी४५० बोर्डावर त्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतील; त्याने थोडा फरक पडतो, पण आपल्या दोन खेळांत तो अडसर ठरणार नाही. या कार्डाच्या बहुतेक मॉडेलांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतो, त्यामुळे तिन्ही मॉनिटर सरळ डिस्प्लेपोर्टवर घेता येतील. आरएक्स ६६०० बनवणाऱ्या एएमडीकडे तीन मॉनिटर एकत्र करण्याच्या सोयीला आयफिनिटी म्हणतात.

घाई मात्र करू नका. जीटीएक्स १०६० साठी एनव्हिडियाचे नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले असले तरी सुरक्षेची अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, आणि आपले दोन्ही खेळ जुने आहेत. मॉनिटर लावून महिनाभर खेळा. शहरातला वेग तेव्हाही खटकला तर कार्ड घ्या. नवे कार्ड लावूनही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा आहे असे समजा. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येतो. बायोसचे काम यूपीएसवरच करावे, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून एक गोष्ट पाहा. जीटीएक्स १०६० च्या बहुतेक मॉडेलांना सहा पिनांची वायर पुरते, पण आरएक्स ६६०० ला आठ पिनांची लागते. आपल्या एसएमपीएसच्या वायरीला शेजारी दोन पिनांचा सुटा तुकडा लोंबकळत असेल तर काम झाले. तो नसेल तर सहाचे आठ करणारा स्वस्त अडॅप्टर लावू नका. कार्डाच्या आधी एसएमपीएस बदला.